पेटी आणि पेटीचे दार: योसेमिटीच्या तंबूतळांवरील अस्वलांचे प्रकरण

१९९८ या एका वर्षात कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात अस्वलांच्या १,५८४ घटना नोंदल्या गेल्या आणि त्यांत झालेले नुकसान साडेसहा लाख डॉलरांच्या वर गेले. घटना म्हणजे अस्वल नुसते नजरेस पडणे नव्हे. त्याने माणसाचे अन्न मिळवले, सामान वा गाडी फोडली किंवा कोणाला इजा केली, तरच तिची नोंद होते. नुकसानीचा मोठा भाग मोटारींचा होता. रात्री उभ्या असलेल्या गाडीच्या दाराच्या वरच्या कडेत नखे घालून अस्वल चौकट बाहेर वाकवत असे, काच फुटली की आत शिरत असे आणि खाद्यपदार्थ डिकीत असतील तर मागचे आसन उचकटून तिथवर पोचत असे. सकाळी मालकाला सापडत असे ती फाटलेली गादी, पिठाने माखलेला अंतर्भाग आणि वाकलेले दार.

त्यानंतरच्या काळात ही संख्या उतरत गेली आणि पुढे ती त्या उच्चांकाच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली आली. अस्वले संपली म्हणून हे घडले नाही. उद्यानात आजही साधारण तीनशे ते पाचशे काळी अस्वले आहेत. पर्यटक कमी झाले म्हणूनही नाही; उलट २०१६ साली त्यांची संख्या ५० लाखांवर गेली. मग काय बदलले? या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी ‘लोखंडी पेट्या’, म्हणजे अन्न ठेवण्यासाठी तळावर बसवलेल्या पेट्या, असे उत्तर दिले जाते. ते खोटे नाही, पण अर्धे आहे, आणि उरलेले अर्धे उत्तर तंबूतळ चालवणाऱ्या कोणालाही अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते.

जागेचा स्वभाव

योसेमिटी उद्यान सिएरा नेव्हाडा पर्वताच्या पश्चिम उतारावर सुमारे ३,००० चौरस किलोमीटर पसरलेले आहे. परंतु लोक ज्यासाठी येतात ती मर्सेड नदीची दरी जेमतेम बारा किलोमीटर लांब आणि फार तर दीड किलोमीटर रुंद आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवरच्या या सपाट तळाला दोन्ही बाजूंनी ग्रॅनाइटचे सरळ कडे आहेत. रस्ते, निवासगृहे, वाहनतळ आणि अप्पर पाइन्स, लोअर पाइन्स, नॉर्थ पाइन्स व कॅम्प ४ हे तंबूतळ एवढ्याच जागेत बसवलेले आहेत. अस्वलालाही नेमकी हीच जागा हवी असते. कुरणातले कोवळे गवत वसंतात इथे मिळते, झुडपांवरची फळे उन्हाळ्यात मिळतात आणि काळ्या ओक वृक्षांची बोंडे शरदात गळतात. म्हणजे अस्वले तंबूंकडे ‘आली’ असे म्हणण्यापेक्षा तंबू अस्वलांच्या चराईवर उभे राहिले, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

यात माणसाने आणखी एक भर घातली होती. एकोणिसाव्या शतकात दरीत राहायला आलेल्या वसाहतकारांनी सफरचंदांच्या बागा लावल्या. पुढे करी व्हिलेज या तंबू-निवासाचा वाहनतळ अशाच एका जुन्या बागेत झाला. शेकडो गाड्या रात्रभर सफरचंदाच्या झाडांखाली उभ्या करायच्या आणि अस्वल गाड्यांकडे का वळते याचे आश्चर्य करायचे, हा प्रकार बरीच वर्षे चालला. झाडाखाली पडलेले फळ आणि गाडीतून येणारा वास यांत अस्वलाच्या लेखी फारसा फरक नसतो.

प्राण्याविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण त्याच्याविषयीच्या गैरसमजांतून चुकीचे उपाय निघाले. कॅलिफोर्नियातील ग्रिझली अस्वल १९२० च्या दशकातच नामशेष झाले. योसेमिटीत आहे ते काळे अस्वल, आणि नावाला न जुमानता त्याचा रंग बहुधा तपकिरी असतो. त्याच्या आहाराचा फार मोठा भाग वनस्पतींचा असतो. काळ्या अस्वलाने योसेमिटीत आजवर एकाही माणसाचा जीव घेतलेला नाही. मात्र हिवाळी झोपेपूर्वी चरबी साठवण्याच्या दिवसांत त्याला दिवसाला वीस हजार कॅलरींपर्यंत खावे लागते. बोंडे वेचून एवढा आहार जमवायचा तर दिवसभराचे काम होते. खाद्यपदार्थांनी भरलेला एक कूलर, म्हणजे अन्न थंड ठेवण्याचा प्रवासी डबा, हाती लागला, तर तेच काम काही मिनिटांत उरकते. हा हिशोब कळायला अस्वलाला एकच प्रसंग पुरतो, आणि पिल्ले सुमारे दीड वर्ष आईबरोबर हिंडत असल्यामुळे तो पुढच्या पिढीकडेही जातो. योसेमिटी आणि त्याच पर्वतातील सेक्वोया उद्यानात झालेल्या अभ्यासात, वस्तीच्या भागात वाढलेली पिल्ले मोठेपणी बहुतांशी तिथेच अन्न शोधतात असे दिसून आले.

आधी काय काय करून पाहिले गेले

प्रकरणाची सुरुवात १९९८ मध्ये झाली नाही. १९२० आणि १९३० च्या दशकांत उद्यान प्रशासन स्वतःच अस्वलांना हॉटेलांतले उष्टे-खरकटे घालत असे, तेही दिव्यांच्या उजेडात आणि जमलेल्या प्रेक्षकांसमोर. सायंकाळचा तो एक करमणुकीचा कार्यक्रम होता. १९४० मध्ये तो बंद झाला. कचऱ्याचे उघडे खड्डे मात्र आणखी तीन दशके राहिले आणि १९७० च्या सुमारास तेही बुजवण्यात आले. अधिकृतपणे अन्न घालणे संपले, उकिरडे संपले. आता अस्वले रानात परततील, अशी अपेक्षा होती.

ही अपेक्षा किती फोल ठरली ते पुढे केसांच्या आणि हाडांच्या तपासणीतून दिसले. मक्यावर पोसलेले मांस आणि मक्याची साखर यांचा माणसाच्या आहारात मोठा वाटा असल्यामुळे तो आहार खाणाऱ्या अस्वलाच्या शरीरात कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचे) प्रमाण वेगळे होते. संग्रहालयांत जतन केलेले जुने नमुने आणि नव्याने गोळा केलेले केस ताडून संशोधकांनी २०१४ मध्ये शंभर वर्षांचा आलेख मांडला. माणसाचे अन्न खाणाऱ्या अस्वलांच्या आहारात त्या अन्नाचा वाटा १९१५ नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुमारे १३ टक्के होता, जाहीर कार्यक्रमांच्या काळात तो २७ टक्क्यांच्या आसपास गेला, आणि १९७५ ते १९८५ या काळात, म्हणजे कार्यक्रम व उकिरडे दोन्ही बंद झाल्यानंतर, सुमारे ३५ टक्क्यांवर पोचला.

हा शेवटचा आकडा मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत बोलका वाटतो. उद्यानाने आपल्या हातातला स्रोत बंद केला. पर्यटकांच्या हातातला स्रोत उघडाच राहिला आणि पर्यटक तर वाढत होते. उकिरड्यावर जमणारी अस्वले तंबूंमध्ये विखुरली, एवढाच काय तो फरक पडला.

दुसरा उपाय अस्वलावर रोखलेला होता. त्रासदायक अस्वल पिंजऱ्यात पकडून उद्यानाच्या दूरच्या कोपऱ्यात सोडायचे. ते काही दिवसांत परत यायचे, किंवा नव्या जागी तोच उद्योग सुरू करायचे. वारंवार परतणारे आणि धीट झालेले अस्वल अखेर मारले जायचे. १९६० च्या दशकात आणि १९७० च्या सुरुवातीला अशी अस्वले मोठ्या संख्येने मारली गेली, त्यावर बाहेर गदारोळ झाला आणि १९७० च्या दशकाच्या मध्यात माणूस व अस्वल यांच्या संबंधांचा नवा आराखडा उद्यानाला करावा लागला. शास्त्रीय दृष्टीने पाहिले तर मारण्यात अर्थही नव्हता, कारण ज्या जागी अन्न उघडे पडलेले आहे ती जागा रिकामी झाली की तिथे दुसरे अस्वल येते.

पेट्या याच आराखड्यानंतर येऊ लागल्या. जमिनीला पक्की जखडलेली, अस्वलाच्या पंजाला न उघडणाऱ्या कडीची पोलादी पेटी तंबूजवळ बसवायची आणि रात्री सर्व अन्न तिच्यात ठेवायचे, अशी साधी कल्पना. इथे वाचकाने तारखांकडे लक्ष द्यावे. तळांवर पेट्या बसवणे १९९८ च्या कितीतरी आधी सुरू झाले होते, आणि तरीही उच्चांक १९९८ मध्येच गाठला गेला.

आणखी एक गोष्ट याच काळात घडली होती. जानेवारी १९९७ च्या पहिल्या दिवसांत मर्सेड नदीला मोठा पूर आला, दरी दोन महिन्यांहून अधिक काळ बंद राहिली, आणि अप्पर रिव्हर व लोअर रिव्हर हे दोन तळ तसेच लोअर पाइन्सचा काही भाग कायमचा बंद झाला. दरीतील तंबूंच्या जागा बऱ्याच घटल्या. तंबू कमी म्हणजे उपद्रव कमी, हे गृहीत बरोबर असते तर १९९८ हे वर्ष शांततेचे जायला हवे होते. ते नोंदींतले सर्वांत वाईट वर्ष ठरले. घटनांची संख्या तंबूंच्या संख्येवर ठरत नाही, उघड्या राहिलेल्या अन्नावर ठरते, हे यातून जितके स्पष्ट होते तितके कुठल्याही मुद्दाम केलेल्या प्रयोगातून झाले नसते.

१९९९ नंतर

१९९९ पासून अमेरिकी काँग्रेसने योसेमिटीतील अस्वल-व्यवस्थापनासाठी वर्षाला पाच लाख डॉलरांची तरतूद सुरू केली. आधीच्या एका वर्षातले नुकसानच याहून जास्त होते, हे लक्षात घेतले तर रक्कम डोळे दिपवणारी नाही. तिचे महत्त्व ती दरवर्षी मिळण्यात होते.

या पैशातून पेट्या वाढवल्या गेल्या, हे खरे. निवासगृहांचे वाहनतळ आणि पदभ्रमणाच्या वाटा जिथून सुरू होतात त्या जागा यांची गरज तंबूतळांइतकीच होती, आणि उद्यानातील पेट्यांची संख्या पुढे दोन हजारांवर गेली. गाडीविषयीचा नियम निःसंदिग्ध झाला: दिवसा काचा बंद ठेवून अन्न गाडीत चालेल, अंधार पडल्यावर एक कणही चालणार नाही. ‘अन्न’ या शब्दाची व्याख्याही वासावरून करण्यात आली, त्यामुळे टूथपेस्ट, साबण, उन्हाचा लेप, रिकामे डबे आणि न धुतलेला कूलर हे सारे त्यात आले. तंबूतळावर दिवसा अन्न बाहेर काढले असेल तर ते हाताच्या अंतरावर असले पाहिजे. नियम मोडणाऱ्यास पाच हजार डॉलरांपर्यंत दंड होऊ शकतो आणि गाडीही जप्त होऊ शकते.

तथापि, माझ्या मते निर्णायक बदल ठरला तो रात्री फिरणारी माणसे नेमण्याचा. अंधार पडल्यावर वनरक्षक आणि त्यांचे सहकारी हातात विजेरी घेऊन तळावरून चालत जातात. मेजावर राहिलेला पाव, दार नुसते लोटलेली पेटी, गाडीच्या मागच्या आसनावरची खाऊची पिशवी शोधतात. मालकाला उठवून सामान पेटीत ठेवायला लावतात आणि कडी लागल्याचे पाहूनच पुढे जातात. झोपेतून उठवलेला माणूस खूश होत नाही, पण पुढच्या रात्री तो विसरतही नाही. तळावर अस्वल दिसलेच तर हीच माणसे आवाज करून, वेळप्रसंगी रबरी गोळ्या झाडून त्याला पिटाळतात. अन्न मिळाल्यानंतर हाकललेले अस्वल त्रास सोसूनही परत येते; अन्न मिळण्याआधी हाकलले तर येणे फायद्याचे नाही एवढे त्याला कळते. त्यामुळे हाकलण्याचा उपाय पेट्या बंद असतील तिथेच लागू पडतो.

पेटी बसवून वीस वर्षे जे साधले नाही ते गस्तीने का साधले, याचे कारण तळावरच्या दोन रहिवाशांच्या मुक्कामात आहे. उन्हाळ्यात दरीतल्या तळांवर एका माणसाला जास्तीत जास्त सात रात्री राहता येते, आणि बहुतेक लोक त्याहूनही कमी राहतात. अस्वल मात्र तिथेच राहते, वीस-वीस वर्षे जगू शकते आणि कुठल्या वळणावरच्या पेट्या लोक लावायला विसरतात हे लक्षात ठेवते. म्हणजे एका बाजूला अनुभव साचत जातो आणि दुसऱ्या बाजूला दर आठवड्याला पाटी कोरी होते. प्रवेशद्वाराशी दिलेले माहितीपत्रक, तळावरचा फलक, नोंदणी करताना घेतलेली सही या सर्वांचा परिणाम त्या पाहुण्यापुरता असतो. तो गेला की पुढच्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते. पेटी एकदाच विकत घेता येते, सांगणे एकदाच विकत घेता येत नाही. म्हणून एकरकमी अनुदानापेक्षा वार्षिक तरतूद इथे परिणामकारक ठरली. शिवाय तळावरच्या दोनशे गटांपैकी एकशे नव्वदांनी नियम पाळला तरी उरलेले दहा अस्वलाला पुरेसे असतात, कारण त्याला रात्रीतून एकच कूलर हवा असतो. सरासरी चांगली असून इथे भागत नाही, आणि शेवटच्या दहांपर्यंत पोचणे हे फलकाचे काम नव्हे.

ज्या केसांच्या तपासणीचा उल्लेख वर आला तिनेच या बदलाचीही साक्ष दिली. २००१ ते २००७ या काळातील नमुन्यांत मानवी अन्नाचा वाटा पुन्हा १३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ शतकापूर्वीच्या पातळीवर आलेला आढळला. घटनांची नोंद माणसे करतात आणि तिच्यात माणसांच्या सवयींमुळे चढउतार होऊ शकतात. केस तसे खोटे बोलत नाहीत, म्हणून हा पुरावा मी अधिक मोलाचा मानतो.

गाड्यांची गोष्ट

त्याच २००१ ते २००७ या सात वर्षांत अस्वलांनी फोडलेल्या ९०८ गाड्यांचा एक अभ्यास झाला. रात्री उद्यानात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत मिनीव्हॅनचे प्रमाण सुमारे सात टक्के होते, पण फोडलेल्या गाड्यांत त्यांचा वाटा एक चतुर्थांशाहून जास्त निघाला. संशोधकांनी यासाठी काही संभाव्य कारणे मांडली. मिनीव्हॅन मुलांसह प्रवास करणारी कुटुंबे वापरतात आणि जिथे लहान मुले बसतात तिथे बिस्किटांचा चुरा व सांडलेला रस असतोच. या गाड्यांत खाद्यपदार्थ नेण्याचे प्रमाणच जास्त असू शकते. त्यांची काही दारे-खिडक्या उचकटायला सोप्या असू शकतात. आणि मोजक्याच अस्वलांनी हा प्रकार आत्मसात केला असेल, तर त्यांची वैयक्तिक आवडही आकड्यांत उतरलेली असू शकते. शेवटचे कारण मला विशेष महत्त्वाचे वाटते. नुकसान हजारोंनी मोजले जात असले तरी ते करणारे प्राणी फार थोडे असतात, त्यामुळे प्रत्येक अस्वलाला कानातल्या बिल्ल्याने आणि गळ्यातल्या पट्ट्याने ओळखणे उपयोगी ठरते. ‘अस्वले त्रास देतात’ या तक्रारीवर करण्यासारखे फारसे काही नसते. अमुक मादी अमुक वाहनतळावर रोज मध्यरात्री येते, हे कळले की तिच्या आधी तिथे पोचता येते.

रानातले तळ

रस्त्यापासून दूर, पाठीवर सामान घेऊन जाणाऱ्यांच्या बहुतेक मुक्कामांवर पेट्या बसवणे शक्य नव्हते. तिथे अन्नाच्या दोन समान वजनाच्या पिशव्या उंच फांदीवर दोरीने समतोल टांगण्याची पद्धत होती. अस्वलांनी तीही निकामी केली: दोरी कुरतडली, फांदी मोडली, किंवा जिथे मादीचे वजन पेलले नसते तिथे पिल्लू पुढे गेले. अखेर टांगण्याची पद्धत सोडून, पंजात न मावणारा आणि दातांत न धरता येणारा गोल, कडक डबा प्रत्येकाने सोबत नेणे सक्तीचे करण्यात आले. डबा सुमारे एक किलो वजनाचा असतो आणि पाठपिशवीत अडचणीचा होतो, अशी तक्रार आजही ऐकू येते. ती खरीही आहे. पण इथे दार लावायला विसरण्याचा प्रश्न कमी होतो, कारण वस्तू ज्याची त्याच्याजवळच असते आणि रात्री उपाशी राहायची पाळी आली तर ती त्याच्यावरच येते. गाडीतून आलेल्या पाहुण्याला दुकान जवळ असते.

काय सुटले नाही

घटना उतरल्या याचे सारे श्रेय एका उपायाला देता येणार नाही. पेट्या, नियम, दंड आणि गस्त हे सर्व जवळपास एकाच वेळी आल्यामुळे प्रत्येकाचा वाटा वेगळा काढणे अवघड आहे. सवय लागलेली काही अस्वले म्हातारी होऊन गेली असणार, काही मारलीही गेली, आणि बोंडांचे पीक चांगले आलेल्या वर्षी अस्वले आपोआपच रानात थांबतात. गस्तीवर मी दिलेला भर हा पेट्यांच्या आणि घटनांच्या तारखा शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष आहे.

अन्नाचा प्रश्न आटोक्यात आल्यावर दुसरा उघडा पडला. १९९५ पासून उद्यानातील रस्त्यांवर चारशेहून अधिक अस्वलांना गाड्यांनी धडक दिली आहे. जिथे अस्वल चिरडले गेले तिथे लाल अस्वलाचे चित्र असलेला फलक उभा केला जातो. त्याच्याजवळ वेग कमी करावा ही अपेक्षा. वेगाच्या बाबतीत तंबूतळावरच्या रात्रीच्या फेरीसारखे साधन अजून हाती आलेले नाही, कारण चालत्या गाडीतल्या माणसाला उठवून कडी लावायला सांगता येत नाही.

जुन्या बागांचेही काम उरलेच होते. ती झाडे दीडशे वर्षांच्या इतिहासाचा भाग असल्यामुळे सरसकट तोडण्याचा निर्णय सोपा नव्हता. म्हणून उन्हाळा सरताना, सफरचंदे पिकून गळायच्या आत, स्वयंसेवकांनी शिड्या लावून ती उतरवायची आणि टोपल्या भरून दरीबाहेर न्यायची, अशी पद्धत पडली. झाडे दरवर्षी फळतात, त्यामुळे हे कामही दरवर्षी करावे लागते.